सगळे ग्रुपवर आहेत, पण बोलत कोणीच नाही : छोट्या डिझाईन स्टुडिओसाठी सविस्तर मार्गदर्शक

एरंडवणे, कोथरूड, कर्वेनगर भागात जुन्या सोसायटीतल्या टू बीएचकेमध्ये चालणारे डिझाईन स्टुडिओ बरेच आहेत. सात-आठ माणसं, एखाद-दुसरा इंटर्न, हॉलमध्ये लांब टेबल. यातली निम्मी माणसं हल्ली आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम करतात. कोणी वाघोलीला राहतं, कोणी पिंपळे सौदागरला. विसर्जनाच्या दिवशी तर पेठेत राहणारा बाहेर पडू शकत नाही आणि बाहेरचा आत येऊ शकत नाही. त्यामुळे काम आपसूक ग्रुपवर आलं. ग्रुप उघडून पाहिला तर त्यात 'ओके सर', 'नोटेड', 'पाठवलंय', 'बघितलं का?', रांगेने अंगठे आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. डिझाईनबद्दल एक धड वाक्य सापडत नाही.

मालकाची तक्रार असते, "पोरं बोलतच नाहीत." पोरं टपरीवर तासभर बोलतात, तेही कामाबद्दलच. कोणत्या क्लायंटचा लोगो कसा बिघडला, कोणाच्या हट्टापायी बिघडला, हे त्यांना तोंडपाठ असतं. ग्रुपवर ती गप्प बसतात, कारण तिथे बोलून काही बदलत नाही हे त्यांना पक्कं कळलेलं असतं. खरा निर्णय मालकाच्या फोनवर झालेला असतो, ग्रुपवर फक्त त्याची दवंडी येते. माणसं तिथेच बोलतात जिथे काहीतरी ठरणार असतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत, आणि पाच ते पंधरा माणसांच्या स्टुडिओला धरून लिहिल्या आहेत. पन्नास माणसांच्या एजन्सीत दुखणं वेगळं, औषधही वेगळं.

आणखी एक, सुरुवातीलाच. 'चांगलं ॲप घेऊ, मग बोलतील' हा विचार सोडून द्या. शिकागोची ३७सिग्नल्स ही कंपनी १९९९ मध्ये वेब डिझाईन करणारी छोटी कंपनी म्हणूनच सुरू झाली. क्लायंटची कामं नीट सांभाळता यावीत म्हणून त्यांनी आपल्यापुरतं एक साधन तयार केलं आणि २००४ मध्ये तेच बेसकॅम्प या नावाने बाजारात आणलं. गरज आधी ओळखली, साधन मागून आलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटं चालतं : स्लॅकसारखं ऑफिस-गप्पांचं ॲप घेतात, पंधरा चॅनेल काढतात, महिन्याभरात सगळे परत व्हॉट्सॲपवर.

पायरी १ : आठवडाभर नुसतं टिपा

काहीही बदलायच्या आधी एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात काय ठरलं : रंग बदलला, डेडलाईन पुढे गेली, दुसरा पर्याय रद्द झाला. दुसऱ्यात कुठे ठरलं : क्लायंटच्या फोनवर, मालकाच्या टेबलाशी उभ्या उभ्या, टपरीवर, ग्रुपवर. तिसऱ्यात, ज्याच्या हातात ते काम होतं त्याला कधी कळलं.

तिसरा रकाना झोंबतो. मंगळवारी सकाळी फोनवर रद्द झालेल्या पर्यायावर एखादी मुलगी बुधवार संध्याकाळपर्यंत काम करत बसलेली दिसते. तिला कोणी मुद्दाम अंधारात ठेवलेलं नसतं, सांगायचं राहून गेलेलं असतं. पण अशा दोन खेपा झाल्या की ती स्वतःचं डोकं चालवणं थांबवते आणि 'सर, फायनल काय ते सांगा' एवढंच लिहिते.

आठवडा संपला की एकच नियम लावा. तोंडी बोलण्यावर बंदी नको, ती पुण्यात टिकणारही नाही. नियम असा : तोंडी ठरलेली गोष्ट दोन ओळींत लिहिली गेल्याशिवाय तिच्यावर काम सुरू करायचं नाही. आणि त्या दोन ओळी, बोलणाऱ्यांत जो मोठा असेल त्याने लिहायच्या. एरवी हे काम ज्युनियरच्या गळ्यात पडतं, आणि मग तो लिहितो 'सरांनी निळा करायला सांगितलाय'. सरांना स्वतः लिहावं लागलं की 'निळा का' हेही लिहावं लागतं. कधी कधी लिहिता लिहिता लक्षात येतं की कारणच नाहीये. तेव्हा निळा आपोआप मागे पडतो.

पायरी २ : जागा कमी ठेवा

तीन जागा पुरतात. प्रत्येक कामाचा स्वतःचा एक थ्रेड, म्हणजे फक्त त्याच कामावरचं सलग बोलणं. रोजच्या हालहवालीची एक जागा (कोण घरून, कोण प्रेसला गेलंय, इंटरनेट बंद, गुरुवारी पाणी नाही). आणि टाइमपासची एक जागा, जिथे केक, मीम आणि मिसळीवरचे वाद. तिसरी जागा अनावश्यक वाटते, पण ती नसेल तर केक कामाच्या थ्रेडमध्ये येतो.

पाच-सहा माणसं असतील तर हे व्हॉट्सॲपवरही जमतं, प्रत्येक कामाचा वेगळा ग्रुप काढून. मात्र दोन गोष्टी सांभाळा. डिझाईन फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं, बारीक अक्षरांच्या कडा फुटतात, आणि मग चर्चा डिझाईनवर न होता फुटलेल्या कडांवर होते. म्हणून नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दुसरं, पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो, त्यामुळे ठरलेली गोष्ट बदलायची असेल तर जुन्यात खाडाखोड न करता नवा मेसेज टाका, नाहीतर दोघांनी दोन वेगळे मजकूर वाचलेले असतात. फिग्मा या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमधल्या कमेंटचा उपयोग 'हे बटण दोन पिक्सेल वर' अशासाठी. मोठा निर्णय तिथे घेऊ नका. कमेंट 'रिझॉल्व्ह' केली की ती नजरेआड होते, आणि सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही की बटण तिथे का आहे.

खासगी मेसेजचं काय? कोणी मालकाला एकट्याला विचारलं की उत्तर द्यायचं, "थ्रेडवर टाक ना, तिथे सांगतो." आणि मग खरोखर पाच मिनिटांत तिथे सांगायचं. थ्रेडवर उत्तराला चार तास आणि खासगीत चार मिनिटं लागत असतील, तर पुढच्या वेळी कोण कुठे विचारेल हे वेगळं सांगायला नको.

पायरी ३ : काम मांडायला शिकवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. ग्रुपवरचा नेहमीचा मेसेज असा असतो : 'चिवड्याच्या पाकिटाचं टाकलंय, बघा आणि सांगा.' यावर माणसाने काय सांगायचं? रंगाबद्दल, नावाबद्दल, की पाकिटाच्या आकाराबद्दल? सगळ्याबद्दल विचारलं की कोणी कशाबद्दलच बोलत नाही, फार तर 'मस्त' येतं. किंवा क्लायंटने कधीच मंजूर केलेल्या रंगावर वीस मेसेज पडतात.

समजा दिवाळीसाठी एका फरसाणवाल्याचं पाकीट करायचं आहे. मांडणी अशी हवी :

"चुरमुऱ्यांचा चिवडा, २०० ग्रॅम, पुढची बाजू. ठरवायचं एकच : नाव एका ओळीत की दोन ओळींत. एका ओळीत नाव मावतं, पण अक्षरं लहान होतात. पाकीट दुकानात मागच्या फळीवर राहणार आहे, तिथून वाचता येईल का याची शंका आहे. दोन ओळींत अक्षरं मोठी राहतात, पण वरच्या 'मु'चा उकार आणि खालच्या 'चि'ची वेलांटी एकमेकांत शिरतात. म्हणून दोन ओळींतलं अंतर वाढवलं, तर हिरवा ठिपका नावापासून लांब सरकला, आणि तो नावाजवळच हवा. मला दोन ओळी बऱ्या वाटतात, ठिपक्याला जागा सुचवा. रंगावर बोलू नका, तो पक्का झालाय. बुधवारी चारपर्यंत लिहा. शेवटचं मी ठरवणार."

यात काय काय आलं ते बघा. ठरवायची गोष्ट एक. करून पाहिलेले पर्याय, त्यांच्या अडचणींसकट. स्वतःचं मत, आडपडदा न ठेवता. कशावर बोलायचं नाही. कधीपर्यंत. आणि शेवटचा शब्द कोणाचा. ही शेवटची गोष्ट सगळे विसरतात, आणि ती नसेल तर चर्चा मालक येईपर्यंत लोंबकळत राहते. प्रत्येक मांडणीत 'ठरवणार कोण' हे लिहायची सक्ती करा. ते नाव दर वेळी मालकाचंच असेल तर पहिल्या पायरीवरचा कागद परत काढा.

असा मेसेज लिहायला पंधरा-वीस मिनिटं जातात. सुरुवातीला पोरं कुरकुरतात. पण लिहिता लिहिता निम्म्या वेळा उत्तर स्वतःलाच सापडतं आणि थ्रेड टाकायची गरजच उरत नाही. ती वीस मिनिटं डिझाईनच्या वेळातच धरा. टाइमशीटमध्ये त्यासाठी वेगळा रकाना काढलात तर तो पहिल्याच महिन्यात रिकामा दिसेल.

एक सूचना. ही मांडणी शिकवताना तिचा फॉर्म बनवू नका. सात रकान्यांचा फॉर्म आला की लोक रकाने भरतात, 'उद्दिष्ट : चांगलं डिझाईन करणे' असलं काहीतरी. त्यापेक्षा एखादा खरोखर चांगला थ्रेड ग्रुपच्या वर पिन करून ठेवा आणि म्हणा, "असं लिहा." आणि नियम लिहिलेच तर पुणेरी पाटीच्या सुरात नकोत. 'कृपया अनावश्यक मेसेज टाकू नयेत, अपमान होईल' हे वाचायला गंमत वाटते, पण त्यानंतर आवश्यक मेसेजही बंद होतात.

पायरी ४ : उत्तर कसं द्यायचं

डिझाईन कॉलेजातून आलेल्या पोरांना 'जूरी'ची सवय असते. भिंतीवर काम, समोर परीक्षक, आपण एकट्याने किल्ला लढवायचा. ती सवय घेऊन ती स्टुडिओत येतात, आणि थ्रेडवरचं प्रत्येक उत्तर त्यांना परीक्षकाचं वाटतं. म्हणून उत्तराची पद्धत आधी सीनियर लोकांनी बदलायला हवी.

वरच्या चिवड्याच्या थ्रेडवर साधारण अशी उत्तरं येतील. पहिलं, 'मस्त, दोन ओळी.' दुसरं, 'मला पर्सनली एक ओळ आवडली.' तिसरं, 'दोन ओळी. कोपऱ्यावरच्या दुकानात मागची फळी काउंटरपासून पाच-सहा फुटांवर असते. प्रिंट काढून तेवढ्या अंतरावर धरून बघितलं, एका ओळीतलं वाचता आलं नाही. ठिपका 'चिवडा'च्या उजवीकडे, रेषेत बसेल.' आणि चौथं, एका इंटर्नचं, दबकत : 'नावातला 'ऱ्यां' चुकलाय का? 'य'च्या डोक्यावर रफार आलाय.'

पहिल्या दोन उत्तरांनी काम एक पाऊलही पुढे गेलं नाही. तिसऱ्याने डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, आणि म्हणून ते खोडायचं असेल तर दुसऱ्यालाही प्रिंट काढून बघावी लागेल. चौथं उत्तर सगळ्यात मोलाचं. साधा 'र' टाईप करून त्याला 'य' जोडला की तो 'सूर्य'मधल्यासारखा रफार होऊन वर चढतो. 'चुरमुऱ्या'ला 'य'च्या अलीकडे चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' लागतो, त्यासाठी 'ऱ' हे वेगळं अक्षर टाईप करावं लागतं, आणि काही फॉन्टमध्ये तो अर्धा आकार दिलेलाच नसतो. अशी चूक छापून आली की पाकिटं रद्दीत जातात, शिवाय गावभर फोटो फिरतो. आणि ती पकडली कोणी? ज्याला 'विषय नाव एका ओळीत की दोन ओळींत हाच आहे' म्हणून सहज गप्प करता आलं असतं त्याने.

म्हणून मांडणीत विषय बांधून घेतला तरी एक खिडकी कायम उघडी ठेवा : चूक दिसली तर विषयाबाहेरही बोलायचं. मतं विषयापुरती, चुका कुठल्याही.

उत्तर देणाऱ्याने सवयी दोनच लावून घ्यायच्या. 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं' याच्यापुढे 'कारण' हा शब्द लिहायचा आणि वाक्य पूर्ण करायचं. कारण सापडत नसेल तर तसंही लिहावं : 'काहीतरी खटकतंय, सांगता येत नाही.' हे प्रामाणिक उत्तर आहे आणि ते चालायला हवं. अनुभवी डिझायनरच्या अशा खटकण्यात बऱ्याचदा तथ्य असतं. दुसरी सवय, उपाय सांगायच्या आधी अडचण सांगायची. 'लोगो मोठा कर' हा उपाय झाला. 'ब्रँड ओळखू येत नाही' ही अडचण. अडचण सांगितली की डिझायनरला तीन उपाय सुचतात, त्यातला एखादाच लोगो मोठा करण्याचा असतो.

अंगठ्याला मात्र माझा विरोध नाही. 'वाचलं' एवढंच कळवायचं असेल तर अंगठा उत्तम. फक्त अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे, हे एकदा सगळ्यांसमोर ठरवून टाका.

पायरी ५ : मालकाने शेवटी लिहायचं

छोट्या स्टुडिओत मालकाने 'मला दोन ओळी बऱ्या वाटतात' असं पहिल्या पाच मिनिटांत लिहिलं की थ्रेड संपला. पुढचे सगळे दोन ओळींचेच भक्त. मालकाला वाटतं, मी फक्त मत दिलं. पण पगार देणाऱ्याचं मत हे नुसतं मत नसतं.

त्यामुळे मुदत संपेपर्यंत मालकाने फक्त प्रश्न विचारायचे, आणि तेही खरे. 'ही एक ओळ कशाला हवी आहे तुला?' हा प्रश्न नसून प्रश्नचिन्ह लावलेला निकाल आहे. 'फळीवर किती पाकिटं शेजारी शेजारी राहतील?' हा प्रश्न.

काही वेळा मालकाने आधीच ठरवलेलं असतं. क्लायंटला शब्द दिलेला असतो, पैशाचं गणित असतं. अशा वेळी चर्चेचं नाटक करू नका. 'हे ठरलंय, कारण असं असं. फक्त चुका शोधा' असं लिहा. लोकांना हुकूम चालतो. मत मागून घेऊन ते केराच्या टोपलीत टाकलेलं चालत नाही, आणि हे दोनदा झालं की तिसऱ्या वेळी खरं मत हवं असलं तरी येत नाही.

आणि मालकाचं मत पडलं, दुसऱ्याचं ठरलं, तर तेही लिहून टाकायचं : 'मी एका ओळीच्या बाजूने होतो, फळीचा मुद्दा पटला, दोन ओळी फायनल.' वर्षातून असे पाच-सहा मेसेज आले तरी स्टुडिओची हवा बदलते.

पायरी ६ : गप्प बसणाऱ्यांकडे बघा

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. चांगले गट कमी चुका करत असतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथल्या लोकांना चूक सांगायची भीती वाटत नव्हती, म्हणून नोंद होत होती. आपल्या ग्रुपवर कधीच कोणी 'माझ्याकडून फाईल चुकीची गेली' असं लिहीत नसेल, तर स्टुडिओत चुका होत नाहीत असं समजू नका. त्या फोनवर, प्रेसवाल्याच्या हातापाया पडून निस्तरल्या जात असतात.

गप्प राहण्यामागे आपल्याकडे आणखी एक साधं कारण असतं, ते म्हणजे इंग्रजी. ग्रुपवर इंग्रजीतच लिहायचं असा अलिखित नियम असतो, आणि लातूर-साताऱ्याहून आलेला पोरगा, ज्याचा हात आणि नजर दोन्ही उत्तम आहेत, तो 'नाईस' आणि 'ओके'च्या पुढे जात नाही. त्याला मराठीत लिहू द्या. देवनागरीत, रोमनमध्ये, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. टीममध्ये कोणी मराठी न येणारं असेल तर भाषांतर करून वाचायची तसदी सगळ्यांनी थोडी थोडी घ्यायची, एकट्या त्याने नाही. ज्यांना लिहायचाच कंटाळा आहे त्यांनी स्क्रीनशॉटवर लाल पेनने गोल करून पाठवावं, तेही बोलणंच आहे. व्हॉइस नोट चालेल, पण दोन मिनिटांची नोट परत कोणी ऐकत नाही, म्हणून पाठवणाऱ्यानेच खाली एक ओळ लिहायची.

हाक मारण्याबद्दलही थोडं. 'सर' म्हणणारा माणूस सरांना खोडत नाही, तो 'सर, मला वाटतं कदाचित' इथेच अडखळतो. काही स्टुडिओंत सगळे एकमेकांना नावाने, अरे-तुरे करतात, काही ठिकाणी 'दादा', 'ताई' चालतं. 'दादा, हे नाही जमलेलं' असं म्हणता येतं, 'सर, हे नाही जमलेलं' म्हणायला छाती लागते. सक्ती मात्र कशाचीच नको. वयाने वीस वर्षं मोठ्या माणसाला अरे म्हणायला लावलं की काहींची जीभ कायमचीच बंद होते.

पायरी ७ : क्लायंटशी बोलणं

पुण्यातल्या घरगुती धंद्याचं काम घेतलं की क्लायंट म्हणजे एक कुटुंब असतं. काका, पुतण्या, काकांच्या सूनबाई, आणि 'तो आमचा मेहुणा पण बघतो जरा कॉम्प्युटरचं'. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे सगळे असतात आणि रात्री साडेदहाला, दुकान बंद झाल्यावर, बोलायला लागतात. पुतण्याला काळं पाकीट हवंय, काकांना सणाला काळं नको.

त्यांना गप्प करायला जाऊ नका. त्यांच्या त्या भांडणात तुमचं अर्धं ब्रीफ असतं. फक्त कामाच्या सुरुवातीला, कोटेशनमध्येच लिहून घ्या की मंजुरी कोणाची धरायची. एकच नाव. बाकीच्यांनी हवं तेवढं बोलावं. मग दोन दिवसांनी तुम्ही त्यांच्याच बोलण्यातून मुद्दे काढून लिहा : 'काकांचं म्हणणं सणाचं वाटलं पाहिजे. पुतण्याचं म्हणणं, शेजारच्या दहा पाकिटांत वेगळं दिसलं पाहिजे. दोन्ही साधेल असा गडद जांभळा करून बघतो.' आपलं कोणी नीट वाचलं हे पाहिलं की माणसं पुढच्या वेळी जास्त विचार करून लिहितात.

फोन तर येणारच. आपल्याकडचा क्लायंट महत्त्वाचं बोलायचं असलं की लिहीत नाही, फोन करतो. घ्यावा. पण फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात हे जायलाच हवं :

"नमस्कार साहेब. आत्ता फोनवर ठरलं ते असं : (१) गडद जांभळा पक्का. (२) २०० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम दोन्ही पाकिटं, मागचा मजकूर तुम्ही शुक्रवारपर्यंत देणार. (३) फोटोऐवजी रेखाचित्र, त्याचा खर्च कोटेशनमध्ये नाही, वेगळा कळवतो. काही चुकलं असेल तर उद्या दुपारपर्यंत सांगा."

सौजन्य आणि हिशेब एकाच मेसेजमध्ये. आणि हाच मेसेज जसाच्या तसा आतल्या थ्रेडवर टाका, म्हणजे पायरी १ चा तिसरा रकाना रिकामा राहत नाही. क्लायंटबद्दल आतल्या ग्रुपवर टर उडवणारं काही लिहू नका हे सांगायची गरज नसावी, पण आहे. चुकून दुसऱ्याच ग्रुपवर गेलेल्या एका ओळीने वर्षानुवर्षांचं काम हातचं गेलेलं असतं.

पायरी ८ : वाद, राजकारण आणि कायदा

वाद झाला तर होऊ द्या, तीन मेसेजपर्यंत. एकाच दोघांमध्ये त्याच मुद्द्यावर चौथा मेसेज आला की फोन उचला, बोला, आणि काय ठरलं ते दोघांपैकी मोठ्याने थ्रेडवर लिहा. लेखी शब्दाला आवाजाचा सूर नसतो, त्यामुळे 'बघ तुला काय जमतं ते' हे वाक्य प्रोत्साहनही असू शकतं आणि टोमणाही.

राजकारणाच्या गप्पांवर बंदी घालावी का? निवडणुका आल्या की हा प्रश्न येतोच. सुरुवातीला सांगितलेल्या, बेसकॅम्प बनवणाऱ्या कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये कंपनीच्या अकाउंटवर सामाजिक-राजकीय चर्चा बंद केल्याचं जाहीर केलं, आणि काही दिवसांतच सुमारे एक तृतीयांश लोक राजीनामा देऊन बाहेर पडले. लेखी संवादाचा एवढा पुरस्कार करणाऱ्या कंपनीत हे झालं. माझं मत असं की वरून फतवा काढण्यापेक्षा त्या गप्पा टाइमपासच्या जागेत राहू द्याव्यात आणि त्या जागेत असणं कोणालाही बंधनकारक नसावं. जात, धर्म, पेहराव यांवरून टवाळी मात्र कुठेच नाही, टाइमपासमध्येही नाही. तिथे मालकाने शेवटी लिहायचा नियम मोडून सगळ्यात आधी लिहायचं.

आणि कायद्याचं भान ठेवा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा छोट्या स्टुडिओलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागते. कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ग्रुपवर टाकलेला अश्लील विनोद 'गंमत होती' म्हणून सुटत नाही. ही माहिती ग्रुपच्या वर कायम दिसेल अशी ठेवा.

रात्रीच्या मेसेजबद्दल एवढंच : लिहायचं तेव्हा लिहा, उत्तर सकाळी दहानंतर. मालकाला रात्री बाराला कल्पना सुचत असतील तर त्याने त्या वहीत लिहाव्यात, किंवा सकाळी जाईल असा मेसेज लावून ठेवावा.

पायरी ९ : नवीन माणूस आला की

नवीन आलेल्याला धोरणांची पीडीएफ देऊ नका, कोणी वाचत नाही. त्याऐवजी तीन जुने थ्रेड वाचायला द्या. एक जिथे काम छान जमलं तो. एक जिथे क्लायंटला शेवटपर्यंत पटलं नाही तो. आणि एक जिथे मालकाचं म्हणणं पडलं आणि दुसऱ्याचं डिझाईन छापलं गेलं तो. पहिल्या आठवड्यात त्याने यातल्या कोणत्याही एका थ्रेडखाली, आज मी असतो तर काय वेगळं केलं असतं, हे आपल्या भाषेत चार-पाच ओळींत लिहायचं. जुन्यांनी त्याला उत्तर द्यायचं, पाठ थोपटायला नव्हे, मुद्द्याला धरून.

फ्रीलान्सर इलस्ट्रेटर किंवा कॉपीरायटर असेल तर त्याला फक्त त्या कामाच्या थ्रेडवर घ्या, पण पूर्ण थ्रेड मागपासून वाचायला मिळू द्या. निम्मा वेळ वाचतो. काम संपलं, बिल चुकतं झालं की सांगून काढा, न सांगता नको. पुण्यात डिझाईनचं जग छोटं आहे, तोच माणूस पुढच्या दिवाळीला परत लागतो.